सात अक्षरं आणि मी खोडलेला शब्द

प्रिय सुहास,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, याची टोचणी आहेच. तब्येत बरी. चष्म्याचा नंबर वाढला, बाकी काही नाही.

लिहायला बसलो ते ‘रेट्सिना’मुळे. वाचताक्षणी तुला ते भांडण आठवलं असेल. तू बरोबर होतास. पाइनच्या राळेचा स्वाद असलेली ती ग्रीक वाइन, आणि शब्दकोशात हा शब्द साधं सामान्यनाम म्हणून आहे, पहिलं अक्षर लहान. मी तो विशेषनाम समजून खोडला आणि तुझ्या कोड्यांच्या कागदावर, ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सगळी अक्षरं वापरून इंग्रजी शब्द बनवायच्या कोड्याखाली, ‘एकूण तीन शब्द’ असं ठणकावून लिहिलं. भांडण आपल्यापुरतं असतं तर इतकं लागलं नसतं. पण तो कागद आता मुलांच्या हातात जाणार. एखादी मुलगी चौथा शब्द काढेल, अगदी बरोबर काढेल, आणि उत्तरांत तीनच आहेत म्हणून तिच्या शब्दावर काट बसेल. ती पुन्हा कशाला शोधेल? तो आकडा आधी खोड, मग पुढचं वाच.

मी दिलेले तीन: रिटेन्स, रेटिनाज, स्टेनर. सुटलेले निदान चार: नॅस्टियर, अँट्सियर, स्टेअरिन आणि तुझा रेट्सिना. स्क्रॅबल या अक्षरं जुळवायच्या खेळाच्या याद्यांत याहूनही जास्त आहेत. का सुटले ते बघ. पहिल्या दोन शब्दांत मी एस शेवटी टाकला, तिसऱ्यात ईआर. ही दोन शेपटं लागली की डोळा तिथंच अडतो. आयईआर हे तिसरं शेपूट बाजूला काढलं असतं तर ए, एन, एस, टी उरले असते आणि नॅस्टियर, अँट्सियर दोन्ही समोर आले असते. स्टेअरिन आणि रेट्सिना कुठल्याच शेपटात बसत नाहीत. त्यांच्यासाठी अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहायची, म्हणजे डोळा डावीकडून उजवीकडे वाचायचं सोडतो. एस तर शेवटपर्यंत हातात धरून ठेवायचा. स्क्रॅबल बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सनं १०० सोंगट्यांत एस फक्त ४ ठेवले ते याचसाठी, अनेकवचनं फार सोपी होऊ नयेत म्हणून.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण कानानं शोधतो. देवनागरीत जे ऐकू येतं ते लिहिलेलं असतं, म्हणून ‘के असलेले शब्द’ म्हटलं की मनात क घुमतो आणि ‘नाइफ’ सुटतो. फ म्हटलं की एफ आठवतो, पी-एच राहून जातं. श तर एस-एच, टी-आय, सी-आय कुठूनही निघतो. ‘रिदम’मध्ये ए, ई, आय, ओ, यू यांतला एकही स्वर नाही, यावर मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत. त्यांना उच्चार बाजूला ठेवून स्पेलिंग बघायला शिकव. स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नव्हता, तरी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकला. त्याच्यापुढे फक्त अक्षरं होती.

आता प्रश्नाची भाषा. तुझ्या कागदावर ‘ही अक्षरं असलेले शब्द’ एवढंच छापलंय. त्याचे चार अर्थ होतात आणि चारही वेळा उत्तरं वेगळी येतात. क्यू आणि झेड शब्दात कुठेही चालत असतील तर क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ येतील. लागोपाठच हवे असतील तर रोजच्या वापरातलं काही हाती लागणार नाही. लागोपाठचं कोडं द्यायचं तर डब्ल्यू-के-डब्ल्यू दे, ऑकवर्ड निघेल. किंवा आर-एस-टी-यू दे, अंडरस्टडी निघेल. तिसरा अर्थ, फक्त याच अक्षरांतून बनणारे, काही उरली तरी चालतील. चौथा, सगळी अक्षरं वापरून, एकही न उरता: ए, ई, जी, एल, एन यांतून एंजल, अँगल, ग्लीन. शिवाय एक अक्षर कितीदा वापरायचं तेही लिही. ए, बी, एन दिलेत तर ‘बनाना’ चालेल का? त्यात तीन ए आणि दोन एन लागतात. नियम छापला नाही तर भांडणारी दोन्ही मुलं बरोबरच असतील.

संगणकावर करणार असशील तर ओळीला एक शब्द अशी यादी घे आणि सगळं लहान लिपीत कर. ‘कुठेही चालतील’साठी ‘ग्रेप’ या ओळी शोधणाऱ्या आज्ञेनं आधी क्यूच्या ओळी निवडायच्या, त्यांतून झेडच्या. विरळ अक्षर आधी घेतलं की यादी पटकन आटते. ‘सगळी वापरून’साठी प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावून ती त्याची किल्ली करायची. लिसन आणि सायलेंट, दोघांची किल्ली एकच: ई, आय, एल, एन, एस, टी. सात वेगळ्या अक्षरांच्या ५०४० मांडण्या तपासण्याऐवजी एकच किल्ली बघायची. काही अक्षरं उरलेली चालत असतील तर जास्तीत जास्त १२७ किल्ल्या. किल्ली करताना दोनदा आलेलं अक्षर गाळू नकोस, नाहीतर दोन ओंचा लूस आणि एका ओचा लूझ एकाच खणात पडतील. आणि विंडोजवर जतन केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह राहतं. ते काढलं नाहीस तर किल्ली जुळत नाही आणि एकही शब्द सापडत नाही.

वसंता म्हणायचा, क्यू आला की यूला सांगावा धाडायचा. मुलांना तसंच सांग, पण ‘फकीर’ही दाखव: एफ, ए, क्यू, आय, आर. यू नाही.

काकूंचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? धाकटीला पोहायला घातलंस हे फार छान.

कागदावर आकड्याऐवजी ‘निदान सात’ छाप, आणि शब्द कुठल्या शब्दकोशातले धरणार ते वरच लिही. बाकीच्या अकरा कोड्यांचे आकडेही मीच दिलेत. ते सगळे माझ्याकडे परत पाठव, किल्ल्या लावून पुन्हा मोजतो. तोवर छापायला देऊ नकोस.

तुझा,
विनू