हा डबा कुणाचा आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एक लेख छापलाय, त्यात म्हटलंय की मराठी माणसाला घरात थँक्यू म्हणायची सवयच नाही, नवरा बायकोला म्हणत नाही, मुलं आईला म्हणत नाहीत, म्हणून रोज रात्री वहीत पाच गोष्टी लिहून काढाव्यात ज्यांच्याबद्दल आपण ग्रेटफुल आहोत. आमच्या चिरंजिवांनी पुण्याहून तोच लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवला, खाली लिहिलं, "बाबा, खास तुमच्यासाठी". आता मी ६२ वर्षांचा, मूळ कुडाळकडचा, डोंबिवलीत ३४ वर्षं गेली, पेपरला पत्रबित्र कधी लिहिलेलं नाही. पण दोन कारणांनी लिहितोय. एक म्हणजे तो लेख मला अर्धाच पटला. दुसरं म्हणजे आमच्या घरी गेल्या वर्षापासून एक डबा पडून आहे, तो कुणाचा ते शोधायचंय. दोन्हीचा संबंध आहे, जरा दम धरा.

गेल्या ऑगस्टमध्ये हिला ताप आला. दोन दिवस क्रोसिनवर काढले, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू, आणि ताप उतरला म्हणून आम्ही खूश होतो तेव्हाच नेमक्या प्लेटलेट्स घसरायला लागल्या. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहितीय, सकाळ-संध्याकाळ तो एकच आकडा. ८०, मग ५२, मग १८ हजार. छातीत पाणी झालं म्हणून आयसीयूत हलवलं. सोसायटीतून पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, सगळे सल्ले आले (शेळी डोंबिवलीत कुठं मिळते ते कुणी सांगितलं नाही). डॉक्टर म्हणाले प्लेटलेट देणारा माणूस आणा, त्याला तासदीड तास मशीनला बसावं लागेल.

मी फोन केला आमच्या ट्रेनच्या ग्रुपला. रिटायर होऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तरी सांगतो, जे लोक लोकलने जात नाहीत त्यांना हा ग्रुप काय प्रकार असतो ते समजायचं नाही. २७ वर्षं एकच गाडी, एकच डबा, एकच दरवाजा. डोंबिवलीला चढलं की सीट मिळायची शक्यता शून्य, म्हणून आमच्यातले दोघंतिघं उलटे कल्याणला जाऊन बसून यायचे, आणि ठाणं गेलं की काही न बोलता उठायचे आणि उभ्या असलेल्याला बसवायचे. कोण किती वेळ बसला ह्याचा हिशोब नाही, पण चुकत पण नाही. दसऱ्याला डब्यात झेंडूच्या माळा, फोटोची पूजा, टाळ, आणि पखवाज म्हणून डब्याचा पत्रा. माझ्या शेवटच्या दिवशी शाल-नारळ पण चालत्या गाडीत, मुलुंड ते घाटकोपरच्या मधे, नारळ द्यायला एकाला सीटवर उभं राहावं लागलं. ह्या २७ वर्षांत मी ह्यातल्या एकालाही "आभारी आहे" म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असतं तर हसले असते, किंवा मला काहीतरी झालंय म्हणून काळजीत पडले असते.

तर फोन केला. दुपारी ऑफिसं सोडून पाच जण आले. एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तो इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी आपल्या पुतण्याला घेऊन आला. एक जण आमच्यातला मास्तर, मूळ जालन्याकडचा, मशीनवर बसल्या बसल्या मला गप्पा मारून धीर देत होता. मी त्याला म्हटलं, अरे तुझे उपकार कसे फेडू. तर तो म्हणाला, आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात, खांदेमळणी म्हणतात, वर्षभर जू घेऊन सुजलेला असतो ना तो खांदा, आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बैलाला पण आभार म्हणत नाहीत राव, जेवायलाच बोलावतात, तू पण वहिनी घरी आल्या की जेवायला बोलाव. झालं. विषय संपला.

आमच्याकडे कोकणात तर आणखीनच वेगळी तऱ्हा. माझी आत्या गोव्याला दिलेली, पेडण्याला. तिथं कोंकणीत कुणी काही दिलं, मदत केली, की म्हणतात "देव बरें करूं". म्हणजे देव तुझं भलं करो. थँक्यूच्या जागी हेच. लहानपणी मला वाटायचं ही काय पळवाट, उपकार तुझ्यावर केले मी आणि फेडायचं काम देवावर ढकललं. आता वाटतं बरोबरच आहे, कारण काही काही गोष्टी आपल्याच्याने फिटत नाहीत, मग दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर टाकाव्याच लागतात. गावी गाऱ्हाणं घालतात ते पण तसंच. मी नोकरीला मुंबईत आलो तेव्हा वडलांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू मुंबयक जाता, तेका सांभाळ, काय इडापीडा असात ती दूर कर रे म्हाराजा, आणि वाडीतली चारपाच माणसं एका दमात "व्हय म्हाराजा". त्यातल्या दोघांशी आमचा बांधावरून वाद चालू होता. कोर्टात. तरी "व्हय" म्हणायला हजर.

डब्याचं सांगतो आता.

हिला आयसीयूत हलवलं ती दुसरी रात्र. मुलगा सकाळी पोचणार होता. बाहेर बाकड्यावर मी एकटा, आणि पलीकडच्या बाकड्यावर माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ. ऑगस्टमध्ये माकडटोपी, कारण तिथला एसी म्हणजे बर्फाची फॅक्टरी. दहाच्या सुमारास वॉचमन एक डबा घेऊन आला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, काका तुमचा डबा. मी म्हटलं कुणी दिला? म्हणाला एक बाई आल्या होत्या, आयसीयूच्या बाहेर काका बसलेत त्यांना द्या म्हणाल्या आणि रिक्षा थांबलीय म्हणून गेल्या. मला वाटलं सोसायटीतल्या कुणीतरी असणार, कारण त्या दिवसांत डबे येतच होते, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, समोरच्या बिल्डिंगमधले गुजराती कुटुंब, मुलाच्या मित्राची आई. उघडला तर वरच्या पुडात मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट, खालच्यात लिंबाच्या लोणच्याची फोड आणि दोन पोळ्या गुंडाळून. सकाळपासून मी फक्त चहावर होतो.

पहिला घास घेणार तेवढ्यात डोक्यात आलं, आयसीयूच्या बाहेर काका तर दोन आहेत.

मी त्यांना विचारलं, तुमचा डबा यायचा होता का हो? ते म्हणाले, येईल म्हणून सून म्हणाली होती, पण तिला उशीर होतो, तुम्ही जेवा. आता काय करायचं. वॉचमन खाली गेलेला. मी झाकणात अर्धा भात काढला, एक पोळी ठेवली आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नको नको केलं, मग घेतला. जेवायच्या आधी त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, ओठ हलत होते. मी काही देवदेव करणारा माणूस नाही, घरात ते खातं हिच्याकडे, मी आरतीला झांज वाजवण्यापुरता. पण त्यांच्याबरोबर माझे पण हात जोडले गेले. कुणाला जोडले विचाराल तर मला सांगता येणार नाही, बहुतेक डब्यालाच. मग आम्ही दोघं जेवलो. त्यांची बायको आत होती, ४१ वर्षं झाली लग्नाला एवढंच बोलणं झालं. मी डबा धुवून पिशवीत ठेवला आणि बाकड्यावर आडवा झालो. पहाटे उठलो तर समोरचं बाकडं रिकामं होतं. नर्सला विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर विचारलं तेव्हा ड्युटी बदलली होती. त्यांच्या बायकोचं काय झालं ते मला अजून माहीत नाही.

ही बरी झाली. १३ दिवसांनी घरी आली. आत असताना मी ठरवलं होतं की हिला काहीतरी नीट बोलायचं, ३३ वर्षांत बोललो नाही ते, आणि ती व्हीलचेअरवर बाहेर आली तेव्हा माझ्या तोंडातून काय निघालं तर "चहा घेतेस का?" ती म्हणाली, साखर कमी. म्हणून म्हटलं लेख अर्धा पटला. चुकतं आमचं, कबूल.

पण पुढचं ऐका. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती बसून लसूण सोलत होती आणि एकदम म्हणाली, अहो, सगळ्यांचे डबे परत केलेत ना? मी अभिमानाने म्हटलं, केले, सगळे घासून पुसून, ज्याचे त्याला. ती म्हणाली, आत काय घालून दिलेत? मी म्हटलं, आत काय घालायचं? तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. "रिकामे दिलेत?" म्हणजे १३ दिवस मरणाच्या दारात होती ती बाई, त्याचं तिला काही नाही, पण नऊ डबे रिकामे गेले हे तिला सहन होईना. साखर तरी घालायची चिमूटभर, घरात साखर नव्हती का, आईने काही शिकवलं नाही का, वगैरे वगैरे. आईने शिकवलं होतं हो. वाटीभर तिखट उसनं आणलं तरी आई वाटी परत करताना त्यात चार फणसाचे गरे नाहीतर मूठभर काजू घालायची, मीच न्यायचो ती वाटी. पुरुषमाणसाच्या डोक्यातून ह्या गोष्टी कशा काय गळतात देव जाणे. मग पुढचे दोन रविवार ती खुर्चीत बसून सूचना करणार आणि मी खोबऱ्याच्या वड्या थापणार, पहिल्या दोन खेपा करपल्या, आणि नऊ घरी परत जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारातच म्हणाल्या, भावजी, हे कशाला, परके आहात का. हे पण ठरलेलंच वाक्य. पण वड्या ठेवून घेतल्या, आणि दोन दिवसांनी तोच वड्यांचा डबा परत आला, आत साबुदाण्याचे वडे. म्हणजे हा हिशोब बंद होत नाही, होऊ द्यायचाच नसतो. तुमच्या लेखातल्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते सांगा.

आता राहिला दहावा डबा. मेतकूट-भाताचा. तो मी सगळीकडे दाखवला, सोसायटीत, ट्रेनच्या ग्रुपवर फोटो टाकला, मुलाच्या मित्राच्या आईला विचारलं. कुणाचाच नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो, तो वॉचमन नोकरी सोडून गेलेला. म्हणजे एकतर तो त्या माकडटोपीवाल्यांच्या सुनेने आणलेला असणार आणि मी त्यांचंच अन्न त्यांना झाकणात वाढून वर दानशूरपणा केला, किंवा कुणा तिसऱ्याचाच असणार. माझं एक देणं २००५ पासून असंच राहिलंय. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी रुळांवरून चालत येत होतो, विक्रोळीच्या एका चाळीत लोकांनी ओढून आत घेतलं, चहा-बिस्किट दिलं आणि एकाने आपला कोरडा शर्ट घालायला दिला. पाणी ओसरल्यावर मी ती चाळ शोधत गेलो होतो, दोन वेळा. उजेडात सगळ्या चाळी सारख्याच दिसतात. तो निळा चेक्सचा शर्ट हिने इस्त्री करून कपाटात ठेवलाय, २० वर्षं होत आली. आता डबा पण तसाच राहायला नको.

म्हणून वर्णन देतो. दोन पुडाचा स्टीलचा डबा, जुना जाड पत्रा, एका बाजूची कडी तुटलेली, तिथं तांब्याची तार बांधलीय. झाकणाच्या आतून नाव घातलेलं आहे, जसं लग्नात आलेल्या भांड्यांवर घालायचे, पण घासून घासून नाव पूर्ण गेलंय, फक्त तारीख वाचता येते, १२-५-७४. त्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालं असणार. कुणाच्या आजीचा, सासूचा डबा असेल तर ओळखतील. माझा फोन नंबर मी तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, पेपरात छापू नका.

तोपर्यंत ही तो रिकामा ठेवू देत नाही. वरच्या पुडात गावचं कुळथाचं पीठ, खालच्यात आमसुलं, आणि दर दोन महिन्यांनी जुनं वापरून टाकते आणि नवीन भरते. परवाच बदललंय, ताजं आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)