जुन्या पिकअपच्या दाराला घरगुती काच नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या पिकअप गाड्यांच्या जतनाविषयी आलेला लेख आवडीने वाचला. पत्र्याच्या आणि इंजिनाच्या कामाची माहिती नेमकी आहे. पण दाराच्या काचेचा विषय लेखकाने तीन वाक्यांत उरकला आहे. या गाड्यांच्या दाराची काच सपाट असल्यामुळे ती घराच्या खिडक्यांची काच विकणाऱ्या कोणत्याही दुकानातून कापून घ्यावी, तशी न मिळाल्यास अ‍ॅक्रिलिक वापरावे आणि काचेच्या खालच्या कडेला बसणाऱ्या पोलादी खोबणीत, म्हणजे चॅनलमध्ये, ती सिलिकॉनने चिकटवावी, असा त्यांचा सल्ला आहे. काच सपाट असते एवढे खरे. पुढचा सारा सल्ला चुकीचा आहे.

आमच्या घरी १९५१ सालची शेवर्ले ३१०० पिकअप आहे. आजोबांनी ती गुळाचे रवे कोल्हापूरच्या शाहूपुरी बाजारपेठेत पोचवण्यासाठी जुनीच विकत घेतली होती. (जनरल मोटर्स कंपनी १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला शेवर्ले गाड्यांची जोडणी करत असे, त्यामुळे त्या काळच्या शेवर्ले आपल्याकडच्या जुन्या कारागिरांच्या हाताखालून गेलेल्या आहेत.) पंधरा वर्षांपूर्वी डाव्या दाराची काच तडकली तेव्हा मीही लेखकाप्रमाणेच विचार केला आणि एका दुकानातून साधी पाच मिलिमीटरची काच कापून आणली. सहा महिन्यांनी वाऱ्याने दार आपटले आणि वीतभर लांबीचा, सुरीसारखा तुकडा सीटच्या रेक्झिनमध्ये उभा रुतला. त्या सीटवरून माझा पुतण्या नुकताच उतरला होता.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार वाहनाची काच सुरक्षा काच असावी लागते. अ‍ॅक्रिलिक किंवा पारदर्शक प्लास्टिकची सवलत त्या नियमात तीनचाकी गाड्यांना आणि कापडी टप व बाजूचे पडदे असलेल्या वाहनांना दिलेली आहे. पोलादी दारांच्या पिकअपला ती लागू होत नाही. शिवाय अ‍ॅक्रिलिकवर धूळ आणि फेल्ट (काच सरकते त्या खाचांतील मऊ लोकरी पट्टी) यांच्या घर्षणाने थोड्याच दिवसांत उभे ओरखडे उठतात आणि संध्याकाळी समोरून दिवे आले की बाजूच्या आरशात काही दिसेनासे होते.

सुरक्षा काच दोन प्रकारची असते. टफन्ड काच आधी मापात कापून, कडा घासून मग भट्टीत तापवून झपाट्याने थंड करतात; एकदा टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, तसा प्रयत्न केल्यास तिचा क्षणात चुरा होतो. जुन्या गाडीची दोन दारेही एका मापाची राहिलेली नसतात, तेव्हा बसवताना दोन मिलिमीटर घासण्याची वेळ हमखास येते, आणि तिथे टफन्ड काच निरुपयोगी ठरते. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. ती सपाट असेल तर जाणता कारागीर दोन्ही बाजूंनी रेघ मारून, मधला पडदा चिरून ती हव्या त्या आकारात कापून देतो. फुटली तरी तुकडे पडद्याला धरून राहतात. अशी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला म्हणूनच सपाट काचेचा खरा फायदा होतो, आणि लेखकाने नेमका तोच सोडून दिला आहे. जुनी काच पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची असेल, तर ६.३८ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच तिच्या जागी सहज बसते. मात्र घेताना ती इमारतीसाठीची नसून वाहनांसाठीच्या आयएस २५५३, भाग २ या मानकाची आहे का, हे विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

आता बसवण्याविषयी. १९५१ पासून या शेवर्लेच्या दारात पुढे तिरपी उघडणारी लहान त्रिकोणी काच आली, त्यामुळे मोठ्या काचेचा आकार बदलला. १९५० च्या गाडीचा फर्मा १९५१ ला चालत नाही. म्हणून फर्मा जुन्या काचेवरूनच, ती नसेल तर चौकटीवरून पुठ्ठ्याचा करावा आणि तो चॅनलमध्ये सरकवून पाहावा. जुनी काच काढण्यापूर्वी तिच्या खालच्या कडेला असलेले पोलादी चॅनल काचेच्या पुढच्या टोकापासून किती अंतरावर आहे, ते मोजून दारावर खडूने लिहून ठेवावे. हे माप मी पहिल्यांदा घेतले नव्हते. चॅनल अर्धा इंच मागे बसले आणि काच वर-खाली करणाऱ्या मशीनचा हात काचेला एका बाजूनेच उचलू लागला. काच तिरकी होऊन मधेच अडकायची, आणि मी मात्र मशीन खराब आहे म्हणून दोन आठवडे तेच बदलत बसलो.

चॅनलमध्ये काच धरून ठेवते ती रबराची पट्टी, सिलिकॉन नव्हे. पट्टी फार जाड घेतली तर चॅनल फाकते आणि पातळ घेतली तर काच निसटते. साबणाच्या पाण्याने ओली करून, लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हळूहळू ठोकल्यावर जी घट्ट जाऊन बसते, तीच योग्य. आंबट वास येणारे सिलिकॉन लॅमिनेटेड काचेच्या मधल्या पडद्याला कडेने खराब करते, आणि पुढे कधी काच बदलायची झाली तर ते खरवडताना चॅनलच वाकते. बाजूच्या खाचांतील फेल्ट जुने ठेवून नवी काच घालणे हाही वाया जाणारा खर्च आहे, कारण झिजलेल्या फेल्टमधून पत्रा काचेला लागतो आणि ओरखडा पहिल्याच दिवशी उमटतो. दार उघडे आहे तोवर तळाची पाणी निचऱ्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावीत. ती बुजली की पावसाळ्यात पाणी साचून चॅनल गंजते आणि काचेच्या कडेला दुधाळ डाग चढू लागतात.

या हंगामात अनेक हौशी वाचक जुन्या गाड्यांची कामे काढतात आणि आपल्या पुरवणीची कात्रणे गॅरेजच्या भिंतीवर लावली जातात, हे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतः पाहिले आहे. तरी साधी काच, अ‍ॅक्रिलिक आणि सिलिकॉन यांविषयीची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर