तयारी नसलेले मरण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ नोव्हेंबर, म्हणजे मृतांचा स्मरणदिन, जवळ आला की शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत वर्दळ वाढते. कबरींवरचे गवत निघते, क्रुसाला रंग लागतो, फुले आणि मेणबत्त्या येतात. गेलेल्यांना इतक्या मायेने आठवणारे आपण स्वतःच्या जाण्याची मात्र कसलीच तजवीज करत नाही. विषय काढला तर ‘देवाच्या हाती आहे’ म्हणून मोकळे होतो. दफनविधीच्या वेळी कुटुंबांना मदत करणारे आम्ही काही जण त्याबद्दलच लिहीत आहोत.

चर्चमधल्या ‘सर्व संतांच्या’ जुन्या प्रार्थनामालेत एक विनवणी आहे: अकस्मात आणि तयारी नसलेल्या मरणापासून, हे प्रभो, आम्हांला सोडव. ‘अकस्मात’ सगळ्यांना आठवते. ‘तयारी नसलेल्या’ हे शब्द मात्र कुणी मनावर घेत नाही.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ जण गेले. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू शिलोहाच्या बुरुजाखाली सापडून मेलेल्या १८ जणांचा उल्लेख करतो. ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते काय, असे विचारतो, ‘नाही’ असे उत्तरही देतो आणि मग समोरच्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. म्हणून मयताच्या घरी जाऊन ‘कुणाचे पाप भोवले’ असा सूर लावणे शास्त्राला धरून नाही. ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात’ हे वाक्यही कृपया नको. तरण्या मुलाच्या आईला ते कापत जाते. बायबलमधल्या, मुलेबाळे गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर.

आता घरातल्या गोष्टी. माणूस घरी अचानक गेला, तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र (नमुना ४अ) शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो आणि कायद्याने त्याची फी घेता येत नाही. पण सहा-आठ महिन्यांत तपासलेच नसेल तर तो सही करायला कचरतो, आणि मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन अशी रांग लागते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या माणसाने नियमित दाखवत राहावे, ताजी चिठ्ठी फाइलमध्ये वर ठेवावी. प्रमाणपत्रावर नुसते ‘हृदय बंद पडले’ असेल तर मूळ कारण लिहायला सांगावे, कारण हृदय शेवटी प्रत्येकाचेच बंद पडते. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन बहुधा होतेच. त्यासाठी डॉक्टरांशी भांडण्यात दिवस घालवू नये.

नावाची चूक आपल्याकडे फार होते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगने. लग्नानंतर बायकांचे तर आणखी एक. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयात पहिला कागद भरताना जो नातेवाईक शुद्धीवर असेल त्याने आधार कार्ड हातात धरून अक्षर न् अक्षर जुळवावे. तिथे झालेली चूक पुढे विम्यापर्यंत आणि सोसायटीच्या शेअर्सपर्यंत पोचते. वॉर्डातून जी प्लॅस्टिकची पिशवी घरच्यांच्या हातात देतात तिच्यात घड्याळ असते, अंगठी असते आणि लॉक असलेला मोबाइल असतो. तो वाजत राहतो, उघडता मात्र कुणालाच येत नाही, आणि घरातला सगळा पैसा त्याच्याच ओटीपीवर अडकलेला असतो. कौटुंबिक कबरीची पावती कपाटात कुठे आहे, हेही बहुतेक वेळा गेलेल्यालाच ठाऊक असते.

मृत्युपत्राचे तर नावही नको असते. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे-मुली यांना समसमान. मूलबाळ नसेल तर पत्नीला निम्मेच, बाकीचे नवऱ्याच्या रक्ताच्या नातेवाइकांकडे. आणि शेजारच्या हिंदू घरात मुलामागे आईला वाटा मिळतो, तसा आपल्याकडे, त्याची मुले असतील तर, मिळत नाही. म्हातारी आई मुलाच्या जिवावर जगत असेल, तर तिची सोय त्याने जिवंतपणीच कागदावर केली पाहिजे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. सही मात्र दोन साक्षीदारांपुढे व्हावी आणि त्यांनीही सही करावी. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रात काही ठेवले असेल तर ते त्यांना मिळत नाही. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. आणि बँकेत किंवा सोसायटीत नाव लावलेला नॉमिनी म्हणजे आपोआप मालक नव्हे. याच गैरसमजापायी सख्खे भाऊ कबरीच्या दोन बाजूंना उभे राहून माती टाकतात आणि एकमेकांशी न बोलता घरी जातात. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, ही येशूची आज्ञा वाटणीच्या कागदालाही लागू आहे.

कॅथलिक घरांना एक कळकळीची विनंती. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार मरणाऱ्यांसाठीच आहे असे समजून फादरांना शेवटच्या श्वासाला बोलावले जाते. कित्येकदा ते पोचेपर्यंत सारे संपलेले असते. तो संस्कार जिवंतांसाठी आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, माणूस बोलू शकतो, पापकबुली देऊ शकतो, तेव्हा बोलवा. प्रोटेस्टंट घरांनीही पाळकांना अतिदक्षता विभागाच्या दारात उभे करण्याआधी, रुग्णाच्या खाटेपाशी प्रार्थना करता येईल अशा वेळी कळवावे.

नेत्रदान करायचे ठरले असेल तर वेळ सहा तासांची. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस, डोके उशीवर किंचित उंच, आणि नेत्रपेढीला लगेच फोन. पुनरुत्थानाच्या आशेला याने काही बाधा येत नाही.

बायबलमध्ये यशया संदेष्टा आजारी राजा हिज्कीयाला सांगतो की घराची निरवानिरव कर, तू मरणार आहेस. हिज्कीया भिंतीकडे तोंड करून रडला, आणि त्याला आणखी पंधरा वर्षे मिळाली. आपल्याला असा निरोप घेऊन कुणी येईलच असे नाही. म्हणून पाळकांना आणि धर्मगुरूंना आमची सूचना आहे: नोव्हेंबरच्या एका रविवारी उपासना संपल्यावर अर्धा तास मृत्युपत्रांसाठी ठेवावा. कोरे कागद, पेन आणि दोन टेबले पुरतील. वाटणीत ज्यांचा काही संबंध नाही असे साक्षीदार देवळात हवे तेवढे मिळतात.

आपले,
दफनविधीत साहाय्य करणारे काही मंडळीसेवक, मुंबई