आमच्या सिस्टीम इंटिग्रेशन मॅनेजर मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या पंधरवड्याची ऊस बिलंही जमा झाली. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी असलेल्या आपल्या कारखान्यात काटा, लॅब, बॉयलर, शेती विभाग आणि अकौंट्स यांच्या यंत्रणा वेगवेगळ्या कंपन्यांच्या. बिघाड झाला की प्रत्येक कंपनी म्हणते, ‘आमच्याकडं सगळं बरोबर आहे.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. घोळ होतो तो दोन यंत्रणांच्या मधल्या जोडावर, आणि त्या जोडाला कुणी वाली नसतो. तो भार तुम्ही उचललात. हे काम नेमकं काय असतं ते सभासदांनाही कळावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

काट्याचंच बघा. भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की इंडिकेटरवरचा आकडा थोडा वेळ हलत राहतो, आणि हलता आकडाही संगणकाकडं जातच असतो. वजन स्थिर झाल्याची खूण आल्याशिवाय पावती निघायची नाही, असं तुम्ही बसवून घेतलंत. काटाघरातून ऑफिसपर्यंत जुनी सिरियल केबल ओढलेली होती. या आरएस-232 प्रकारच्या जोडणीची मजल साधारण 15 मीटर. त्यापुढं एखादा अंक मधेच गळतो आणि 18460 किलोचे 1840 होतात. तुम्ही काट्याजवळच कन्व्हर्टर लावून पुढं नेटवर्क केबल नेलीत.

नेटवर्क बंद पडलं तरी गाड्यांची रांग थांबत नाही. त्यामुळं पावत्या काट्याच्या पीसीवर साठतात आणि लाइन आली की पुढं जातात. इथं एक मोठा धोका आहे. पावती पोचली, पण पोच परत आली नाही, तर तीच पावती पुन्हा पाठवली जाते आणि एका खेपेच्या दोन होतात. पावती क्रमांक काट्यावरच तयार व्हायचा, आणि तो आधी आलेला असला तर अकौंट्सनं दुसरी नोंद न घेता नुसती पोच द्यायची, हा तुमचा नियम. दिसायला साधा, पण बिलाचा भरवसा त्यावर उभा आहे.

बॉयलरकडं वाफेचा मीटर आपला आकडा 4 ते 20 मिलिअँपिअरच्या विजेच्या सिग्नलनं पाठवतो; 4 म्हणजे शून्य, 20 म्हणजे पूर्ण रेंज. मीटरची रेंज ताशी 0 ते 100 टन आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर 0 ते 120 भरलेली, असं झालं तर 12 मिलिअँपिअरला मीटर 50 दाखवतो आणि पडदा 60. शून्यावर दोन्ही जुळतात, म्हणून चूक लपून राहते. म्हणून 4, 12 आणि 20 असे तिन्ही सिग्नल देऊन दोन्हीकडचे आकडे वाचून घेतल्याशिवाय तुम्ही सही करत नव्हता. ऑफिसचा संगणक कंट्रोल रूममधून आकडे फक्त वाचेल, तिथं काही लिहू शकणार नाही, हाही आग्रह तुमचाच.

ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणं ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वार्षिक 15 टक्के व्याज. म्हणून काट्याचं घड्याळ मागं-पुढं असून चालत नाही. मध्यरात्रीच्या आसपासची गाडी चुकीच्या तारखेला पडते. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील निघतात, त्यात जुन्या फॉन्टमधली नावं युनिकोडमध्ये आणताना रफार कुठल्या कुठं जातो. तेव्हा जुळवणी नावावर नाही, सभासद कोडवर. बँकेच्या 11 अक्षरी आयएफएससीत पाचवं अक्षर शून्य असतं. तिथं इंग्रजी ओ टाइप झाला तर यादी बँकेत जाण्याआधीच अडते.

पण आमच्या मते तुमचं खरं कौशल्य त्या तक्त्यात आहे. प्रत्येक जोडाला एक ओळ: कुठला आकडा, कुणाकडून कुणाकडं, किलोत की टनात, किती वेळानं, तुटला तर काय करायचं आणि जबाबदार कोण. शेवटचा रकाना भरून घ्यायला तुम्ही दोन्ही कंपन्यांची माणसं एकाच टेबलावर बसवलीत आणि नाव लिहिल्याशिवाय उठू दिलं नाहीत. चाचण्या बंद हंगामात उरकल्यात, आणि मोळी पडल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, कुणी कितीही गळ घातली तरी चालू यंत्रणेत बदल करू दिला नाहीत. त्या वेळी काहींना ते जाचक वाटलं असेल, पण गव्हाण (ऊस गाळपाला नेणारा पट्टा) चालू असताना प्रयोग करायचे नसतात.

तो तक्ता आता काटाघरात आणि कंट्रोल रूममध्ये लावलाय. रात्रपाळीचा माणूस तो वाचून स्वतः निर्णय घेतो, कुणाला झोपेतून उठवावं लागत नाही. मॅडम, मनापासून आभार.

आपले,
काटा, लॅब, बॉयलर, शेती विभाग आणि अकौंट्समधील सर्व सहकारी