रात्री किती वेळा उठतोस ते खरं सांग

प्रिय मन्या,

पोचलास का नीट? घाटात ट्रॅफिक होतं म्हणे. दीपासमोर विचारलं म्हणून चिडलास ना, मग आता हे एकटाच वाच. लेक्चर द्यायचं नाहीये. पण मधल्या खोलीची कडी वाजते आणि माझी झोप तुला माहितीये. सारखा उठत होतास, आत गेलास की बराच वेळ काहीच नाही, मग थोडी धार, थांबली, परत थोडी. तू म्हणालास थंडी आहे, चहा जास्त झाला. बाबाही हेच म्हणायचे, मे महिना उजाडला तरी.

आठवतंय का, त्यांनी तळजाईला जाणं बंद केलं तेव्हा आपल्याला सांगितलं गुडघे दुखतात. गुडघे कसले, टेकडीवर मध्येच लागली तर काय ही धास्ती! लक्ष्मी रोडला जायचं तर सकाळपासून पाणी प्यायचे नाहीत. आणि मग शैलाच्या लग्नात सर्दी झाली म्हणून दुकानातनं गोळी आणून घेतली आणि रात्री लघवी पूर्ण बंद, एक थेंब नाही, ओटीपोट टम्म, एवढा करारी माणूस पण कॉटची कड धरून कण्हत होता. हॉस्पिटलात नळी घातली, पिशवी भरत गेली तसा चेहरा सैल पडला. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, सर्दीचं काही घेतलं का? प्रोस्टेट वाढलेलं असलं की त्यातल्या काही औषधांनी लघवी तुंबते. तू पण येताजाता सर्दीच्या गोळ्या खातोस.

असो, भरकटले. प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, लघवीची नळी तिच्यातूनच जाते. पन्नाशीनंतर बऱ्याच पुरुषांची वाढते, लाज कसली त्यात. हा कॅन्सर नाही, त्याचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही, पण कॅन्सरचा त्रास कधी असाच दिसतो म्हणून तपासतात, पीएसए नावाची रक्ताची तपासणी करतात. धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ, झाली तरी राहिल्यासारखं वाटणं, घाईची लागणं, रात्रीचं उठणं, यातलं काय काय होतंय ते तुझं तुलाच माहीत. रात्री उठणं शुगरनेही होतं आणि नानांचं तू बघितलंयस, म्हणून गूगल करत बसू नको, युरॉलॉजिस्टकडे जा. सात प्रश्नांचा फॉर्म देतात, 35 पैकी मार्क, बोर्डात एकेका मार्कासाठी भांडलास तसं तिथे नको, तिथे कमी मार्क चांगले. लघवी तपासतील, किडनी नीट चालतेय का त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनीन बघतील, सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर परत बघतात आत किती उरली. लगेच ऑपरेशन कोणी सांगत नाही. बाबांना आधी टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करायची गोळी दिली, थोड्या दिवसांत फरक पडला, फक्त उठताना चक्कर यायची म्हणून जरा बसून मग उठायचे. ग्रंथी लहान करायची गोळी वेगळी, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात.

पण लघवी पूर्ण अडली, रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळ होऊ दे असं म्हणायचं नाही, तसंच गाडीत बसायचं. तुंबून राहिली तर किडनीवर जातं रे.

झालंच शेवटी लेक्चर, रागावू नको. प्लांट हेड झालास तेव्हा बाबांनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले होते, वॉचमनला दोनदा. एवढा प्लांट सांभाळतोस आणि एक अपॉइंटमेंट घेता येत नाही? रात्री किती वेळा उठलास ते दोनतीन दिवस लिहून ठेव, डॉक्टर विचारतात.

तुला लिहितेय हे बाबांना बोलले नाहीये, म्हणतील पोराला घाबरवू नको. पण तू गेल्यावर त्यांनीच आपली जुनी फाईल कपाटातून काढून टेबलावर ठेवली, बोलले काही नाही. पानांचे फोटो पाठवते, डॉक्टरांना दाखव, वडिलांना होतं हे त्यांना कळलेलं बरं. अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते आजच कळव.

आई