प्रेक्षक आटला नाही, लांब राहायला गेला

मा. संपादक,

मराठी नाटकाला प्रेक्षक राहिला नाही, पुढच्या रांगांत पांढरे केसच दिसतात, असं वरचेवर वाचायला मिळतं. मी टिटवाळ्याला राहते, नाटकाची मला मनापासून आवड आहे आणि मला हे पटत नाही. प्रेक्षक आटलेला नाही. तो लांब राहायला गेला आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. पहिली पाळी सुटली की घरी येऊन केसांतली कापसाची तूस नळावर धुऊन काढायचे आणि रात्री कुठे प्रयोग असला तर मला खांद्यावर बसवून परळच्याच दामोदर नाट्यगृहात न्यायचे. कधी कोकणातलं नाचगाण्याचं नमन, कधी शक्ती-तुऱ्याची सवाल-जवाबाची गाणी, कधी कामगार रंगभूमीचं नाटक. तिकिटं गावच्या मंडळाने चाळीत खोलीखोलीत फिरून खपवलेली असायची. नमनातलं संकासुराचं भीतिदायक सोंग आलं की मी वडिलांच्या सदऱ्यात तोंड लपवायची. आम्ही ‘रसिक’ वगैरे आहोत असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. नाट्यगृह चालत दहा मिनिटांवर होतं, म्हणून जायचो.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा तो प्रश्न होता, आणि तो कधी मिटलाच नाही. काही वर्षांनी आमची खोली विकली गेली. आमच्या मजल्यावरची बिऱ्हाडं दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी पांगली. नाट्यगृहं मात्र दादर, माटुंगा, पार्ल्याला जिथल्या तिथे राहिली. १९२२ साली उभं राहिलेलं दामोदरही २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.

आता रविवारचं बघा. दुपारचा प्रयोग चारला. रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवतात तो रविवारचा मेगाब्लॉकही नेमका दुपारीच. ती कामं व्हायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण टिटवाळ्याहून दादर एरवीच सव्वा तास. ब्लॉक असला की गाडी कधी मिळेल आणि कुठे थांबून राहील याचा भरवसा नाही, म्हणून साडेबाराला घर सोडावं लागतं. रात्री साडेआठचा प्रयोग बघितला तर घरी पोचायला एक वाजतो आणि सोमवारी पहाटे पुन्हा डबा करायचा असतो. चौघांची तिकिटं सोळाशे रुपये. त्यात प्रवास आणि मध्यंतरातला वडा-चहा वेगळा.

गेल्या वर्षी आईला एका जुन्या नाट्यगृहात नेलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. परवडणारी तिकिटं बाल्कनीची, आणि बाल्कनीला लिफ्ट नाही. पहिला जिना चढून ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “तू जा, बाय. मी हितंच बसते, आवाज येतोय.” पहिला अंक तिने जिन्यात बसून ऐकला. मध्यंतरात एका भल्या डोअरकीपरने तिला खाली कडेच्या खुर्चीवर बसवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण अशी किती माणसं पहिल्याच पायरीवरून परत गेली असतील? ती कुणाच्या हिशेबात येतात?

आणि कोकणातल्या मंडळांचे नमन, शक्ती-तुऱ्याचे प्रयोग आजही मुंबईत होतात, भरतातही. विरार-दिव्याहून माणसं लेकरंबाळं घेऊन येतात. नाटकाच्या प्रेक्षकांबद्दल चर्चा होते तेव्हा ही माणसं कुणाला का आठवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

निर्मात्यांना आणि नाट्यगृह चालवणाऱ्या पालिकांना माझी एक विनंती आहे. महिनाभर तिकीट खिडकीवर प्रत्येकाला एवढंच विचारा: कुठल्या स्टेशनवरून आलात? वहीत नोंद ठेवा. कुठून कुणीच येत नाही, तेही त्यातून कळेल. मग त्या भागातल्या लोकांसाठी कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात महिन्यातून एक प्रयोग शनिवारी संध्याकाळी पाचला लावा, आणि मागच्या पाच रांगा शंभर रुपयांत द्या. नाटक नवं, गाजणारं असू द्या. उतरणीला लागलेलं नको.

असा प्रयोग लागला तर आमच्या इमारतीतल्या चौदा जणींची तिकिटं मी स्वतः जाऊन काढीन. आईचं पंधरावं, खालच्या रांगेतलं.

— एक वाचक, टिटवाळा