दिसलेला नव्हे, मोजलेला ग्रह

माननीय संपादक,

परग्रहांवरील आपल्या लेखात ‘५१ पेगासी’ ताऱ्याचा ग्रह १९९५ मध्ये दुर्बिणीतून दिसला, असे म्हटले आहे. त्यात दुरुस्ती हवी. तो शोधणारे खगोलशास्त्रज्ञ मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी तो ग्रह पाहिलाच नव्हता. फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ताऱ्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा कधी (तारा आपल्याकडे येताना) निळ्या, तर कधी (तो दूर जाताना) तांबड्या बाजूकडे किंचित सरकताना त्यांनी मोजल्या, आणि कोणीतरी जड सोबती ताऱ्याला सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने पुढेमागे ओढत असल्याचे त्यावरून ताडले. ताशी दोनशे किलोमीटर हा वेग आगगाडीला मोठा, पण पन्नासेक प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या बाबतीत तो ओळखणे म्हणजे कमालच!

खरा धक्का होता तो कालावधीचा. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षे लागतात, तर किमान त्याच्या निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह ४.२ दिवसांत फेरी पूर्ण करतो, म्हणजेच तो आपल्या ताऱ्याच्या अगदी जवळ आहे. महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूर, बर्फाळ प्रदेशातच घडतात, अशी तेव्हाची समजूत असल्यामुळे इतक्या जवळ त्यांना शोधायचे बहुतेकांच्या मनातच आले नाही. वास्तविक खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच, असे ग्रह असू शकतील आणि ते याच पद्धतीने सापडतील, असे लिहून ठेवले होते. आपल्या लेखात त्यांचा उल्लेखही नसावा, हे मला दुरुस्तीहून अधिक खटकले.

आपला,
एक वाचक, पुणे